धोका आधी ओळखण्याची नोकरी : कंपन्यांमधले जोखीम व्यवस्थापन आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणी शाळेत गाठतं, कोणी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर थांबवतं. प्रश्न ठरलेला असतो : "सर, पोराला कशाला घालू?" उत्तरंही त्यांच्याकडे तयारच असतात. मार्क चांगले असतील तर फार्मसी किंवा इंजिनिअरिंग, मुलगी असेल तर डी.एड., मध्यम असेल तर पोलीस भरती, आणि काहीच नाही तर दुबईला मामूंकडे.

यंदा मात्र एका मुलीने आम्हालाच कोड्यात टाकलं. कॉमर्सची मुलगी, अकाउंट्समध्ये चांगले गुण. तिने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पुण्यातल्या एका बँकेला 'रिस्क अ‍ॅनालिस्ट' हवे होते. "सर, हे काय काम असतं?" आम्ही बोलायच्या आत तिचे अब्बा म्हणाले, "नावातच रिस्क आहे. पोरीला असलं काम नको." आम्ही हसलो, पण घरी गेल्यावर वाटलं की त्यांची चूक नाही. कोपरगावात हा शब्द आपण फक्त दोनदा ऐकतो. एकदा म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी घाईघाईने, आणि दुसऱ्यांदा एखादा नातेवाईक "भाई, रिस्क घेतल्याशिवाय पैसा नाही" असं सांगून पैसे बुडवतो तेव्हा. रिस्क मॅनेजमेंट म्हणजे रिस्क घेणं नव्हे. कंपनीवर उद्या काय येऊ शकतं हे आज ओळखणं, मोजणं आणि त्याची तयारी करून ठेवणं, एवढंच ते काम. ते पगारी काम आहे, खुर्चीवर बसून करायचं आहे आणि मुलींना पुरेपूर जमणारं आहे.

जोखीम हा शब्द आपला जुनाच

मराठीत 'जोखीम' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक धोका, आणि दुसरा जवळचा मौल्यवान ऐवज. "अंगावर जोखीम घेऊन एसटीने जाऊ नको" असं आजी म्हणते तेव्हा तिचा रोख दागिन्यांकडे असतो. ज्याची किंमत आहे त्यालाच धोका आहे, हे भाषेनेच सांगून ठेवलंय. उर्दूतला 'बीमा', मराठीतला 'विमा', दोन्ही फारसीतल्या 'बीम' म्हणजे भीती या शब्दावरून आले. आपल्या सावकारी पेढ्यांत 'जोखमी हुंडी' असायची. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाही. म्हणजे हुंडीत विमाही आला.

आणि व्यवहार म्हणाल तर कोपरगावला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात नाशिककडे गंगापूर, दारणा भरतात, नांदूर मधमेश्वरमधून गोदावरीत विसर्ग वाढल्याची बातमी येते, आणि नदीकाठचे दुकानदार माल उचलायला लागतात. पाणी अजून नाशिक जिल्ह्यातच असतं, पण इथे पोती वरच्या फळीवर गेलेली असतात. याचे चार भाग पाडून बघा. नदीकाठी दुकानच घेतलं नाही, हा धोका टाळला. माल वर उचलला, धोका कमी केला. दुकानाचा विमा उतरवला, धोका दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. आणि दोन जुन्या रिकाम्या बरण्या खालीच राहू दिल्या, गेल्या तर गेल्या, तो धोका स्वीकारला. रिस्क मॅनेजमेंटच्या जाडजूड पुस्तकांत पहिल्या प्रकरणात हेच चार मार्ग असतात. आयएसओ ३१००० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २००९ साली आलं, २०१८ साली सुधारलं. त्याचाही गाभा हाच, फक्त भाषा सुटाबुटातली.

खालाजानची हजची ठेव

आमच्या नात्यात एक खाला होत्या. शौहर गेल्यानंतर शिवणकाम करून त्यांनी हजसाठी पैसे साठवले. घराजवळच्या पतसंस्थेत ठेवले, कारण तिथला मुलगा रोज दारावर येऊन पिग्मी न्यायचा. व्याज नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, मुद्दल तेवढी सांभाळा म्हणाल्या होत्या. एक दिवस संस्थेच्या दाराला कुलूप. व्याज त्यांनी घेतलंच नव्हतं, मुद्दलही गेली. हज राहिला तो राहिलाच. त्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पण त्या वेळी आम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती आणि आजही आपल्यातल्या दहातल्या आठ जणांना माहीत नसावी, असा आमचा अंदाज आहे : बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. बँकेतही ते एका ठेवीदारामागे, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एकच लाख होती.

आपल्याच जिल्ह्यातली नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक आठवा. १९१० साली सुरू झालेली. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, खातेदाराला दहा हजारांपर्यंतच पैसे काढता येत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानाच रद्द झाला. कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराचे गुन्हे दाखल झाले, ती प्रकरणं कायद्याच्या वाटेने चालली आहेत, त्यात आम्ही जात नाही. आम्हाला फक्त एवढं सांगायचंय की शंभर वर्षांहून जुनी बँक एका रात्रीत बंद पडत नाही. कर्ज कोणाला दिलं, तारण किती खरं, एकाच घराला किती दिलं, हप्ते कुठून येतात, हे प्रश्न वर्षानुवर्षं कोणीतरी विचारायचे असतात. आधी विचारण्यासाठीच रिस्क विभाग असतो.

मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, यातला सर्वांत उघडा धडा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागले तेव्हा पहिली मर्यादा होती एक हजार रुपये. लोक फलक वाचून बँकेच्या दारात रडले. चौकशीत समोर आलं की बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकलेलं होतं, आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. याला म्हणतात एकवटलेली जोखीम. सगळी अंडी एका टोपलीत, आणि टोपली लपवून ठेवलेली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

दुसरा धडा वेगळ्या जातीचा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातला मोठा भाग अनेक देशांतल्या एटीएममधून काढला गेला, आणि काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. इथे कर्ज बुडालं नव्हतं, कोणी खोटं तारण दिलं नव्हतं. यंत्रणेत शिरकाव झाला होता. बँकेच्या भाषेत पहिली ती पत जोखीम, दुसरी परिचालन जोखीम. तिसरी बाजारातली, म्हणजे भाव, व्याजदर, डॉलर यांच्या चढउताराची. चौथी रोखतेची, घरात जमीन आहे पण उद्याच्या दवाखान्याला नगद नाही, तशी. आणि कायद्याची जोखीम तर आपल्या तालुक्याने फारच जवळून पाहिलीय.

७ डिसेंबर २०२३

या तारखेचे केंद्र सरकारचे दोन आदेश आहेत. एकाने कांद्याची निर्यात थांबली. दुसऱ्याने साखर कारखान्यांना त्या हंगामात उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला मनाई झाली. उसाचा आणि कांद्याचा आपला तालुका, दोन्हीकडून एकाच दिवशी फटका. बाजार समितीत कांद्याचे भाव पडले ते शेतकऱ्याने पाहिले. कारखान्यांनी मात्र इथेनॉलसाठी यंत्रं बसवली होती, कर्ज काढलं होतं, तेल कंपन्यांशी करार केले होते. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, इथेनॉलचा आदेश थोडा सैल झाला, सतरा लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी मिळाली. कांद्याची बंदी उठायला मे २०२४ उजाडला.

आता विचार करा, एखाद्या कारखान्यात किंवा निर्यातदार कंपनीत असा माणूस असेल, ज्याने सप्टेंबरातच टेबलावर कागद ठेवला असता : "ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलंय. पाऊस कमी आहे, ऊस कमी येणार, साखर महाग होणार, पुढे निवडणूक आहे. सरकार साखरेकडे वळेल आणि इथेनॉलवर हात ठेवेल. तसं झालं तर आपला किती पैसा अडकतो?" तो माणूस ज्योतिषी नव्हे. त्याला तारीख सांगता येणार नाही. पण "तसं झालं तर" याचं उत्तर मालकाच्या खिशात आधीच असेल. हीच ती नोकरी.

साकरवाडीला ज्या गोदावरी बायोरिफायनरीजचा रसायनांचा प्रकल्प आहे, ती कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. शेअर विकायला काढताना प्रत्येक कंपनीला माहितीपत्रक काढावं लागतं आणि त्यात 'जोखमीचे घटक' असं प्रकरण द्यावंच लागतं. आमच्या धंद्याला काय काय होऊ शकतं ते कंपनी स्वतःच्या तोंडाने सांगते. ही माहितीपत्रकं सेबीच्या संकेतस्थळावर फुकट असतात. बी.कॉम.च्या मुलामुलींनी आपल्या गावच्या कंपनीचं ते एक प्रकरण शब्दकोश घेऊन वाचलं, तरी क्लासच्या दोन महिन्यांचं काम होईल, असं आमचं मत आहे.

ही पदं वाढली का?

कारण कायद्याने ती लावली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात जोखीम धोरणाबद्दल लिहावं लागतं. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार संचालकांची जोखीम व्यवस्थापन समिती नेमणं बंधनकारक आहे. पूर्वी ही अट शंभर कंपन्यांना होती, मग पाचशे, २०२१ पासून हजार. बँकांना मुख्य जोखीम अधिकारी, म्हणजे चीफ रिस्क ऑफिसर, नेमावा लागतो. पाच हजार कोटींवरच्या बिगरबँक वित्त कंपन्यांना २०१९ पासून, आणि तेवढ्याच मोठ्या नागरी सहकारी बँकांना २०२१ पासून. पाचशे कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांना जोखीमआधारित अंतर्गत लेखापरीक्षण करावं लागतं. विमा कंपन्यांनाही असेच नियम आहेत.

या अधिकाऱ्याबद्दल एक गोष्ट आम्हाला फार आवडली. रिझर्व्ह बँकेने म्हटलंय की त्याला धंद्याचं टार्गेट द्यायचं नाही, आणि कर्ज वाटणाऱ्या विभागाच्या हाताखाली ठेवायचं नाही. मुदतीआधी काढायचं तर संचालक मंडळाची मंजुरी लागते. का? कारण 'नाही' म्हणणं हेच त्याचं काम. ज्याचा पगार 'हो' वर अवलंबून, तो 'नाही' कसं म्हणणार? आमच्या खालांच्या पतसंस्थेत असा एक माणूस असता तर, असं मनात आल्यावाचून राहात नाही.

नोकऱ्या कुठल्या, ते आता सरळ सांगतो. सुरुवात बहुतेकदा छोट्या नावाने होते. क्रेडिट अ‍ॅनालिस्ट, म्हणजे कर्ज मागणाऱ्याचे ताळेबंद वाचून ते फेडेल का ते सांगणारा. केवायसी आणि मनी लाँडरिंग तपासणारा अ‍ॅनालिस्ट, जो खात्यांतल्या संशयास्पद उलाढाली शोधतो. फ्रॉड अ‍ॅनालिस्ट. इंटर्नल ऑडिटर. आयटीकडच्या मुलांसाठी माहिती सुरक्षा आणि सिस्टिम ऑडिट. गणित-संख्याशास्त्राच्या मुलांसाठी मॉडेल बनवणं आणि तपासणं. मोठ्या परदेशी बँकांची, बार्कलेज, ड्यूश बँक, बीएनवाय, यूबीएस अशांची, पुण्यात कार्यालयं आहेत. लंडन-न्यूयॉर्कच्या कामातला बराच भाग तिथे बसून होतो. मुंबईत पतमानांकन संस्था, बँकांची मुख्यालयं, सल्लागार कंपन्या. समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आलीय, पुण्याच्या रस्त्याबद्दल न बोललेलं बरं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. कारखान्यात आग, बॉयलर, रसायनगळती हीच मोठी जोखीम. मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर लागतो, त्यासाठी पदवी किंवा पदविकेनंतर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका करावी लागते. आग लागली, पूर आला, तर विमा कंपनीच्या वतीने नुकसान मोजायला सर्व्हेअर येतो. त्याला विमा नियामकाचा परवाना लागतो. प्रशिक्षण आणि परीक्षा आहे, इंजिनिअर, सीए असे लोक त्याला पात्र असतात. आपल्या समाजातली कितीतरी मुलं मेकॅनिकल, सिव्हिल करून घरी बसलीत. या वाटेची चौकशी करणारा आम्हाला एकही भेटला नाही.

शिकायचं काय, खर्च किती

पायाभूत पदवी कॉमर्स, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, इंजिनिअरिंग, आयटी, काहीही चालते. आपल्याकडे एस.एस.जी.एम. आणि सोमय्या महाविद्यालयात कॉमर्स आहे, संजीवनीत इंजिनिअरिंग आहे. पहिल्या तीन वर्षांसाठी घर सोडायची गरज नाही, हे मुलींच्या पालकांना विशेष करून सांगतो.

पुढची सर्वांत पक्की वाट सीएची, हे आमचं मत. बारावीनंतर फाउंडेशन देता येते. पदवीनंतर थेट इंटरमिजिएटला जाता येतं, कॉमर्सला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के गुण हवेत. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झालीय आणि त्या काळात स्टायपेंड मिळतो. सीए कठीण आहे हे खरं, पण फी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ. सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सी, कारखानदारीच्या भागात तितकीच उपयोगी, पण तिच्याकडे कोणी वळत नाही.

खास या क्षेत्राची जागतिक परीक्षा एफआरएम. 'गार्प' नावाची अमेरिकन संस्था ती घेते. दोन भाग. पहिल्यात शंभर प्रश्न, दुसऱ्यात ऐंशी, प्रत्येकी चार तास. बसायला पदवीची अट नाही, पण प्रमाणपत्र हातात पडायला परीक्षेबरोबर दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. फी डॉलरमध्ये, दोन्ही भाग मिळून लाख रुपयांच्या पुढे जाते. म्हणून आमचा सल्ला : नोकरीला लागण्याआधी कर्ज काढून एफआरएम करू नका. आधी बँकेत, ऑडिट फर्ममध्ये शिरा, पगारातून पहिला भाग द्या. सरकारी बँका स्पेशालिस्ट ऑफिसर भरतात तेव्हा जोखमीच्या पदांसाठी सीए, एमबीए, एफआरएम अशा पात्रता मागतात, तेव्हा ती उपयोगी पडते.

विम्याकडे जायचं तर पुण्याच्या बालेवाडीतली नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी विमा व्यवस्थापनाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवते. घरी बसून मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो या पायऱ्या चढता येतात, त्यांची फी आवाक्यातली आहे. गणितात फारच चांगली असलेल्या मुलांनी अ‍ॅक्च्युअरीची चौकशी करावी. वाट लांब आहे, पण देशात ती माणसं थोडी आहेत. बँकेत आधीच असलेल्यांना आयआयबीएफच्या परीक्षा आहेत. पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, जिल्हा कार्यालयात चौकशी करा. उन्हाळ्यातच करा, प्रवेश झाल्यावर धावपळ करू नका.

आणि एक इशारा. 'सहा महिन्यांत रिस्क मॅनेजर, शंभर टक्के प्लेसमेंट' अशा जाहिराती फोनवर फिरतात. लाख-सव्वालाख भरून घेतात. ज्याला ही जाहिरातच जोखीम वाटली नाही, त्याने या क्षेत्रात येऊ नये.

कागदापलीकडे मुलाखतीत काय बघतात? आमचे दोन जुने विद्यार्थी पुण्यात या कामात आहेत. एक उर्दू माध्यमातून दहावी झालेला. तो म्हणतो, एक्सेल हातच्या बोटांसारखं यायला हवं, एसक्यूएल थोडं तरी, पायथन आलं तर सोन्याहून पिवळं. मग इंग्रजी, पण फाडफाड बोलायचं नव्हे, लिहायचं. साहेबाला अर्ध्या पानात सांगता आलं पाहिजे की धोका काय, किती मोठा, आणि आता काय करायचं. तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला उर्दू उताऱ्याचा खुलासा एक-तृतीयांशात लिहायला लावायचा, तेच काम मी आता दिवसभर करतो." आम्हाला त्या वेळी मुलं कंटाळलेली वाटायची.

अजून एक अट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. बँकांच्या भरतीत उमेदवाराचा स्वतःचा सिबिल तपासला जातो. मोबाईल अ‍ॅपवरून पाच हजारांचं कर्ज घेऊन हप्ता थकवला, दोस्ताला जामीन राहिलो, तर चार वर्षांनी नेमणुकीच्या वेळी ते समोर येतं. हे आम्ही दहावीच्या वर्गातच सांगायला लागलो आहोत.

बँक आणि व्याजाचा प्रश्न

हा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि बाजूला सारण्यासारखा नाही. बँकेतल्या नोकरीबद्दल घरोघरी वेगळं मत आहे, उलेमांतही चर्चा आहे, आणि फतवा देण्याचं काम शाळामास्तरचं नव्हे. ज्याने त्याने आपल्या जाणकाराला विचारावं. आम्ही फक्त एवढं दाखवू की हे क्षेत्र बँकेपुरतं नाही. औषध कंपन्या, मोटारींचे कारखाने, रुग्णालयं, विमानतळ, आयटी कंपन्या, साखर आणि रसायनं, सगळीकडे जोखीम पाहणारी माणसं लागतात. व्याजाशी संबंध नको असेल त्यालाही इथे भरपूर जागा आहे.

दुसरा आक्षेप तवक्कुलचा. "जे व्हायचं ते होणार, आधीपासून कशाला मोजायचं?" असं म्हणणाऱ्यांना उंट बांधण्याची हदीस पाठ असते, फक्त उंट बांधलेला नसतो. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवून दुष्काळाची सात वर्षं काढली, हा किस्सा आपण मुलांना लहानपणीच सांगतो.

सहलीचं रजिस्टर

शेवटी आमच्या वर्गातला एक प्रयोग सांगतो, म्हणजे रोजचं काम कसं असतं ते कळेल. दौलताबादच्या किल्ल्याची सहल ठरली होती. आम्ही नववीच्या मुलांना म्हटलं, काय काय बिघडू शकतं ते लिहा. फळ्यावर यादी झाली. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे द्यायचे : होण्याची शक्यता एक ते पाच, आणि झालं तर नुकसान एक ते पाच. मग गुणाकार. बस बंद पडणं, शक्यता तीन, नुकसान दोन, सहा झाले. डबा खराब होणं, तीन गुणिले तीन, नऊ. किल्ल्याच्या अंधारी वाटेत मूल चुकणं, शक्यता दोनच, पण नुकसान पाच, म्हणजे दहा. सगळ्यांना बस आधी सुचली होती, पण आकड्यांनी अंधारी वाट वर आणली. मग प्रत्येक धोक्यापुढे उपाय आणि जबाबदार माणसाचं नाव. कंपन्यांत याला रिस्क रजिस्टर म्हणतात, आणि नव्या अ‍ॅनालिस्टचं निम्मं आयुष्य ते भरण्यात जातं.

सगळं झाल्यावर मागच्या बाकावरचा, एरवी गप्प बसणारा एक मुलगा उठला. "सर, सगळ्या पालकांचे नंबर तुमच्याच मोबाईलमध्ये आहेत. तुमचाच मोबाईल बंद पडला तर?" वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. त्या संध्याकाळी नंबरांची यादी चार शिक्षकांकडे आणि बसच्या ड्रायव्हरकडे कागदावर लिहून दिली. त्या मुलाला गणितात पस्तीस होते.

ती जाहिरात दाखवणारी मुलगी आता बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि सीए इंटरच्या ५५ टक्क्यांवर डोळा ठेवून अभ्यास करतेय. परवा तिचे अब्बा बाजारात भेटले. म्हणाले, "सर, आमच्या पतसंस्थेचा अहवाल पोरीला दाखवला, तर ती सांगेल का पैसे ठेवू की काढू?" आम्ही म्हटलं, तिला अजून दोन-तीन वर्षं द्या, तोपर्यंत ती रक्कम बँकेत ठेवा, आणि एका बँकेत पाच लाखांच्या आतच.